ग्रीनबॅक, फ्री सिल्व्हर, गोल्ड स्टँडर्ड: अमेरिकेचं पैशावरचं दीडशे वर्षांचं भांडण

अमेरिकेचा इतिहास वाचताना स्वातंत्र्ययुद्ध कळतं, गुलामगिरी आणि यादवी युद्ध कळतं, लिंकनच्या खुनापर्यंत सगळं नीट लक्षात राहतं, आणि मग 1870 नंतर एकदम ग्रीनबॅक, स्पीसी, बायमेटॅलिझम, फ्री सिल्व्हर, 16 ला 1, गोल्ड बग असले शब्द यायला लागतात आणि बरेच जण ती पानं उलटून सरळ पहिल्या महायुद्धावर जातात. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं व्याख्या पाठ करतात आणि पुढे सरकतात. मला हे फार खटकतं, कारण हे सगळे शब्द एकाच भांडणातले आहेत आणि ते भांडण एकदा कळलं की व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही. भांडण असं, की देशात पैसा किती असावा आणि ते कोणी ठरवायचं. ऐकायला हे बँकवाल्यांचं काम वाटतं, पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्यासाठी हा जमीन राहते की जाते इतका थेट प्रश्न होता.

आधी एक हिशोब करू, तो डोक्यात बसला की बाकीचं सोपं आहे. कॅन्ससमधला एक शेतकरी धरा. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जमीन गहाण टाकून 1000 डॉलर उचलले, तेव्हा गहू बुशेलला साधारण एक डॉलर होता (बुशेल म्हणजे गव्हाचे साधारण 27 किलो), म्हणजे मुद्दल फेडायला 1000 बुशेल गहू विकावा लागणार. कर्ज पुढे ढकलत, व्याज भरत तो 1894 पर्यंत आला, आणि आता गहू 50 सेंटच्या आसपास. कागदावर कर्ज तेवढंच आहे, 1000 डॉलर, पण फेडायला आता 2000 बुशेल लागतात. त्याने काही चूक केली नाही, उलट नवीन यंत्रं आणून जास्त पिकवलं, तरी त्याचं खरं कर्ज दुप्पट झालं. भाव असे वर्षानुवर्षं खाली जात राहणं याला डिफ्लेशन म्हणतात, म्हणजे महागाईच्या उलटं. आपल्याला महागाईची सवय असल्यामुळे भाव उतरणं ही चांगलीच गोष्ट वाटते, पण कर्जदाराला ती हळूहळू गळा आवळणारी असते, आणि ज्याने पैसे दिलेत त्याला मात्र काही न करता जास्त किमतीचे पैसे परत मिळतात.

आता दुसरी बाजूही खरी आहे. सरकारने भरमसाट नोटा छापल्या आणि भाव तिप्पट झाले तर ज्याने आयुष्यभराची शिल्लक उसनी दिली त्याच्या हातात कागद उरतो. अमेरिकनांनी हे जन्मतःच अनुभवलं होतं. 1775 पासून स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवायला काँग्रेसने (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद) कॉन्टिनेंटल नावाच्या नोटा काढल्या, कारण त्या काँग्रेसला टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, आणि 1781 पर्यंत त्या नोटांना कोणी विचारेनासं झालं. सैनिकांना पगार म्हणून असलेच कागद आणि सरकारी हमीपत्रं मिळाली, त्यांनी ती पोटासाठी सटोडियांना मिळेल त्या भावात विकून टाकली.

आणि मग युद्ध संपल्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याने स्वतःचं कर्ज फेडायला टॅक्स वाढवला, तोही नाण्यात भरायचा. सोन्याचांदीच्या नाण्यांना तिकडे स्पीसी म्हणतात. गावाकडे स्पीसी होतीच कुठे? जमिनी जप्त व्हायला लागल्या, माणसं कर्जापायी तुरुंगात जायला लागली, आणि 1786 मध्ये डॅनियल शेज नावाचा युद्धातला माजी कॅप्टन आणि त्याच्यासारखे शेतकरी हत्यारं घेऊन कोर्टांच्या दारात उभे राहिले, कारण कोर्ट भरलं नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही. हेच ते शेजचं बंड. ते मोडलं गेलं, पण श्रीमंत मंडळी इतकी हादरली की पुढच्याच वर्षी संविधान लिहिताना कुठल्याही राज्याने स्वतःच्या नोटा काढायच्या नाहीत आणि सोन्याचांदीशिवाय दुसरं काहीही कर्जफेडीसाठी सक्तीचं करायचं नाही असं पहिल्याच कलमात घातलं गेलं. संविधानाचं हे वाक्य फार कमी लोक वाचतात, पण ते सरळ सरळ सावकाराच्या बाजूने लिहिलेलं आहे असं माझं मत आहे.

नंतर 1790 मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने राज्यांचं युद्धकर्ज केंद्राच्या डोक्यावर घेतलं (पुस्तकात याला अझम्प्शन म्हणतात) आणि जुनी हमीपत्रं पूर्ण किमतीला फेडायची ठरवली, ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला. म्हणजे सैनिकाला नाही, त्याच्याकडून मातीमोल भावात घेणाऱ्याला. मॅडिसनने म्हणून पाहिलं की मूळ मालकाला थोडं तरी द्या, ते मान्य झालं नाही. देशाची पत मात्र यानेच उभी राहिली, हेही तितकंच खरं.

हॅमिल्टनच्या पुढाकाराने निघालेली पहिली राष्ट्रीय बँक 1791 ते 1811, मग तशीच दुसरी बँक 1816 ते 1836. दुसरीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे एक गंमतीचं वळण आहे. प्रेसिडेंट अँड्र्यू जॅक्सन स्वतःला साध्या माणसाचा कैवारी म्हणवायचा, त्याने 1832 मध्ये या बँकेची मुदत वाढवायचं बिल व्हेटो केलं, सरकारी ठेवी काढून आपल्या मर्जीतल्या बँकांत ठेवल्या, आणि 1836 मध्ये हुकूम काढला की सरकारी जमीन घ्यायची तर सोन्याचांदीत पैसे मोजा, हा स्पीसी सर्क्युलर. म्हणजे तेव्हा गरिबांचा नेता नाण्याच्या बाजूला होता! कारण तेव्हा नोटा सरकार काढत नव्हतं, शेकडो खासगी बँका काढायच्या, आणि कामगाराला पगारात मिळालेली लांबच्या बँकेची नोट दुकानदार कापूनच घ्यायचा, बँक बुडाली की नोट रद्दी. त्यामुळे कागदी पैसा म्हणजे गरिबांचा आणि सोनं म्हणजे श्रीमंतांचं असं कायमचं लेबल लावू नका, कागद कोण काढतंय यावर ते अवलंबून असतं. 1837 मध्ये मोठं पॅनिक आलं. पॅनिक म्हणजे बँकांवर धाड: सगळे एकाच दिवशी पैसे काढायला धावतात आणि कुठल्याच बँकेत सगळ्यांचे पैसे एका वेळी रोख नसतात.

आता ग्रीनबॅक. यादवी युद्धाचा खर्च अफाट होता, सोनं पुरणार नव्हतं, म्हणून फेब्रुवारी 1862 मध्ये लीगल टेंडर कायदा झाला आणि सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या, मागची बाजू हिरवी म्हणून ग्रीनबॅक. या नोटेच्या बदल्यात सोनं मिळणार नव्हतं, पण कर्ज फेडायला दिली तर घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, ही कायद्याची सक्ती. एकूण 45 कोटी डॉलरपर्यंत छापायची परवानगी मिळाली. दोन अपवाद ठेवले आणि तेच पुढे डोकेदुखी ठरले: आयातीवरची जकात सोन्यात भरायची, आणि सरकारी बाँडवरचं (बाँड म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा रोखा) व्याज सोन्यात मिळायचं. म्हणजे सैनिकाला पगार कागदात आणि बाँडवाल्याला व्याज सोन्यात. युद्ध रंगात असताना 1864 च्या उन्हाळ्यात ग्रीनबॅकची सोन्यातली किंमत 40 सेंटच्याही खाली गेली होती. त्या काळात कोणी 1000 डॉलरचा बाँड ग्रीनबॅक देऊन घेतला असेल तर त्याने सोन्यात 400 डॉलरसुद्धा मोजले नव्हते, आणि 1869 मध्ये काँग्रेसने कायदा करून सांगितलं की बाँड नाण्यातच फेडू, म्हणजे व्यवहारात सोन्यात. फेडणार कोण, तर टॅक्स भरणारा. हे समजलं की 1870 च्या दशकातला शेतकऱ्यांचा संताप आपोआप समजतो.

याच युद्धाने दक्षिणेतला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअर्सचा धुमाकूळ झाला आणि 1865 ला युद्ध संपताच सगळं कोसळलं हे आपल्याकडे माहीत असतं. पण भाव पडल्यावर कर्जात बुडालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरुवात करून सावकारांची खतं आणि रोखे जाळले, त्यामागच्या कारणांतही हा पडलेला भाव होता, हे त्याच गोष्टीचं पुढचं टोक आहे. शेतसारा वाढलेला होता, इतर कारणंही होती, पण धागा एकच.

ग्रीनबॅकवरून कोर्टात जे झालं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. या नोटा काढल्या तेव्हा अर्थमंत्री होता सॅमन चेस, एक डॉलरच्या पहिल्या ग्रीनबॅकवर चित्रही त्याचंच. पुढे तो सुप्रीम कोर्टाचा चीफ जस्टिस झाला आणि फेब्रुवारी 1870 मध्ये त्यानेच निकाल लिहिला की कायद्याच्या आधीचं कर्ज ग्रीनबॅकमध्ये घ्यायला लावणं घटनाबाह्य आहे. त्याच दिवशी प्रेसिडेंट ग्रँटने दोन नवीन जज नेमण्यासाठी नावं पाठवली, आणि 1871 मध्ये कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तोच निकाल फिरवला. सव्वा वर्षात! कागदी डॉलर कायदेशीर ठरला तो एका मताने.

तरी सरकारचं धोरण मात्र सोन्याकडेच चाललं होतं. 1875 चा रिझम्प्शन कायदा म्हणजे 1 जानेवारी 1879 पासून ग्रीनबॅक आणा आणि सोनं घेऊन जा. त्यासाठी नोटा वाढू द्यायच्या नाहीत, भाव उतरू द्यायचे. आणि इकडे देश वाढतोय: 1870 ला लोकसंख्या 3 कोटी 86 लाख, 1900 ला 7 कोटी 60 लाख, रेल्वे, कारखाने, नवीन जमिनी. माल दुप्पट-तिप्पट आणि पैसा त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे प्रत्येक डॉलरच्या मागे जास्त माल, म्हणजे भाव खाली. 1875 ते 1896 अशी वीस-एकवीस वर्षं भाव ढोबळमानाने वर्षाला दीड-पावणेदोन टक्क्यांनी उतरत राहिले. वर्षाला दीड टक्का काहीच वाटत नाही, वीस वर्षं सतत म्हणजे पाव भागाहून जास्त.

आता चांदी कुठून आली ते. 1792 च्या पहिल्या नाणे-कायद्याने सोनं आणि चांदी दोन्ही धातू पैसा म्हणून चालतील असं ठरवलं होतं, यालाच बायमेटॅलिझम म्हणतात. दोन धातू म्हटलं की त्यांच्यातलं प्रमाण ठरवावं लागतं: आधी 15 भार चांदी म्हणजे 1 भार सोनं, 1834 पासून 16 ला 1. प्रॉब्लेम असा की बाजारातलं प्रमाण सरकारच्या हातात नसतं. युरोपात साडेपंधरा चाललं असेल आणि अमेरिकेत 15 असेल तर सोनं बाहेर जातं, 16 केलं की चांदी बाहेर जाते. त्यामुळे 1834 नंतर चांदीचा डॉलर व्यवहारातून जवळजवळ गायबच झाला, त्यातली चांदी एक डॉलरपेक्षा जास्त किमतीची होती, तो टांकसाळीत कोण नेणार?

म्हणूनच 12 फेब्रुवारी 1873 ला नाणे-कायदा नव्याने लिहिताना त्यात चांदीचा डॉलर वगळला गेला तेव्हा फारसा आरडाओरडा झाला नाही. पण लगेचच चित्र उलटलं. जर्मनीने फ्रान्सला हरवून सोन्याचं चलन स्वीकारलं आणि चांदी विकायला काढली, नेव्हाडात कॉमस्टॉकच्या खाणींत प्रचंड चांदी लागली, आणि चांदीचा भाव पडायला लागला. आता चांदीवाल्याला टांकसाळ परवडली असती, पण टांकसाळीचं दार बंद. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जे कुक अँड कंपनी ही नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेत अडकलेली मोठी पेढी बुडाली, न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद राहिला, मंदी आली. लोकांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले की हा गुन्हा झाला, 'क्राइम ऑफ 73'. गुपचूप झाला असं म्हणणं बरोबर नाही, बिल तीन वर्षं काँग्रेससमोर होतं. पण तो निर्णय झाला नसता तर अमेरिकेत पैशाची चणचण इतकी झाली नसती असं म्हणणारे गंभीर अर्थतज्ज्ञ आहेत, आणि मला ते पटतं.

फ्री सिल्व्हर म्हणजे फुकट चांदी नाही, म्हणजे कोणीही कितीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि 16 ला 1 या जुन्या दराने तिचे डॉलर पाडून घ्यावेत, मर्यादा नाही. 1894 च्या सुमाराला बाजारात प्रमाण 32 ला 1 च्या आसपास गेलं होतं, म्हणजे चांदीच्या डॉलरमध्ये चांदी फक्त 50 सेंटची. तेव्हा ही मागणी मान्य झाली असती तर पैसा खूप वाढला असता, भाव चढले असते, कर्जदार सुटला असता, आणि कोलोराडो-नेव्हाडाच्या खाणमालकांचीही चांदी झाली असती. हे दोघं एका बाजूला आले याचं कारण हे. विरोधातल्यांना गोल्ड बग म्हणायचे: बँकर, बाँडवाले, पूर्वेकडचे व्यापारी.

काँग्रेसने मधला मार्ग काढला. 1878 चा ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा, सरकारने दर महिन्याला 20 ते 40 लाख डॉलरची चांदी घ्यायची, तोही प्रेसिडेंट हेजचा व्हेटो मोडून. मग 1890 चा शर्मन कायदा, महिन्याला 45 लाख औंस. पण चांदी घेताना सरकार जी नोट द्यायचं ती आणून लोक सोनं मागायचे, सरकार तीच नोट पुन्हा खर्चात वापरायचं, पुन्हा कोणीतरी ती आणून सोनं न्यायचं. तिजोरीतलं सोनं 10 कोटी डॉलरच्या खाली जाऊ द्यायचं नाही असा दंडक होता, एप्रिल 1893 मध्ये ती रेघ ओलांडली गेली.

शेतकरी काय भोगत होता ते नुसत्या भावात दिसत नाही, त्यासाठी दक्षिणेतली क्रॉप-लीन पद्धत बघायला हवी. शेतकऱ्याकडे रोख नाही, गावात बँक नाही, एकच दुकानदार. तो बियाणं, खत, मक्याचं पीठ, डुकराचं मांस उधारीवर देतो, रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा भाव वेगळा, आणि बदल्यात उभ्या पिकावर हक्क लिहून घेतो. वर अट की कापूसच लाव, कारण कापूस विकता येतो. हंगामाच्या शेवटी कापूस दुकानदाराकडे जातो, खात्यात बाकी उरतेच, आणि पुढच्या वर्षीही त्याच दुकानात जावं लागतं. 1894 ला कापूस पाउंडाला 6 सेंटच्याही खाली होता. आपल्या गावाकडच्या कुठल्याही माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या माणसांनी फार्मर्स अलायन्स उभी केली, नुसती निदर्शनं करून थांबले नाहीत तर सहकारी खरेदी-विक्री करून पाहिली, बँकांनी कर्ज न दिल्यामुळे ती फसली, आणि मग एक योजना मांडली जी मला आजही थक्क करते: सबट्रेझरी. सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने माल तिथे ठेवावा, आणि मालाच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत सरकारने स्वस्त व्याजाने कर्ज द्यावं, म्हणजे सुगीला पडत्या भावात विकावं लागणार नाही. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी याची टर उडवली. जुलै 1892 मध्ये नेब्रास्कात ओमाहाला पीपल्स पार्टी, म्हणजेच पॉप्युलिस्ट पक्ष, जाहीरनामा घेऊन उभा राहिला: फ्री सिल्व्हर, सबट्रेझरी, रेल्वे सरकारी मालकीची, जास्त कमाईवर जास्त इन्कम टॅक्स. सिनेटर थेट लोकांनी निवडावेत असा ठरावही तिथेच झाला. त्यांचा उमेदवार जेम्स वीव्हर याला 10 लाखांवर मतं आणि 22 इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची मतं, प्रेसिडेंट शेवटी त्यांवरच ठरतो) मिळाली. अडाणी शेतकऱ्यांचं खूळ म्हणून हिणवलेल्या या यादीतला इन्कम टॅक्स आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन गोष्टी 1913 मध्ये घटनादुरुस्ती होऊन आल्या.

आणि इथे मुंबई येते, खरोखर येते. तोपर्यंत मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होतं, म्हणजे भारतात फ्री सिल्व्हर चालूच होतं आणि जगातली पुष्कळ चांदी इथे जिरायची. पण चांदी पडली तसा रुपया पडला, 1870 च्या सुमाराला साधारण 2 शिलिंगचा रुपया 1892-93 ला 1 शिलिंग 3 पेन्सवर आला, आणि भारत सरकारला लंडनचे खर्च पौंडात भागवायचे होते. म्हणून 26 जून 1893 ला सरकारने या टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. काही दिवसांत जगभर चांदी कोसळली, कोलोराडोच्या खाणी बंद पडायला लागल्या, आणि 30 जूनला प्रेसिडेंट क्लीव्हलँडने शर्मन कायदा रद्द करायला काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं. 1 नोव्हेंबरला तो रद्द झाला. इकडे ज्यांची सगळी बचत बायकोच्या अंगावरच्या चांदीत होती त्यांना ती पूर्वीसारखी टांकसाळीत नेऊन रुपये करता येईनात. डेन्व्हरचा खाणकामगार आणि आपल्याकडचा कुणबी एकाच सहीने पोळले, आणि दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं.

1893 चं पॅनिक भयंकर होतं, शेकडो बँका बुडाल्या, लाखो बेकार. 1894 मध्ये ओहायोतून जेकब कॉक्सी बेकारांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला पोचला, मागणी काय तर सरकारने 50 कोटी डॉलरच्या नोटा छापून रस्त्यांची कामं काढावीत. त्याला अटक झाली ती कॅपिटलच्या हिरवळीवर पाय ठेवला म्हणून. आणि फेब्रुवारी 1895 मध्ये तिजोरीतलं सोनं संपत आलं तेव्हा जे. पी. मॉर्गन आणि रॉथचाइल्ड यांच्याकडून सरकारने साधारण 35 लाख औंस सोनं बाँड देऊन घेतलं. देशाचं चलन एका खासगी बँकरने वाचवलं हे गोल्ड बगना अभिमानाचं आणि बाकीच्यांना लाजेचं वाटलं.

मग 1896 ची निवडणूक. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात 9 जुलैला नेब्रास्काचा 36 वर्षांचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलायला उठला आणि शेवटी म्हणाला की मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका. सभागृह वेडं झालं, दुसऱ्या दिवशी उमेदवारी त्याची. पॉप्युलिस्टांनीही त्यालाच उमेदवार केलं आणि तिथेच त्यांचा पक्ष संपला, कारण सबट्रेझरी वगैरे सगळं बाजूला पडून फक्त चांदी उरली. ब्रायन रेल्वेने 18,000 मैल फिरला. समोर रिपब्लिकन मॅकिन्ली ओहायोत आपल्या घराच्या ओसरीवर बसून भाषणं करायचा आणि त्याचा मॅनेजर मार्क हॅना बँकांकडून भांडवलाच्या पाव टक्का वर्गणी वसूल करायचा. काही कारखानदारांनी कामगारांना सांगितलं की ब्रायन निवडून आला तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कामावर येऊ नका. पण धमक्यांमुळेच हरला असं म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. शहरातल्या कामगाराकडे गहाण पडलेली जमीन नव्हती, त्याच्याकडे पगार होता, आणि भाव वाढले की पाव महागणार हे त्याला कळत होतं. ब्रायनकडे त्याच्यासाठी उत्तर नव्हतं. इलेक्टोरल मतं मॅकिन्लीला 271, ब्रायनला 176.

दक्षिणेतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पॉप्युलिस्टांचं कौतुक करणारे ती टाळतात. काळ्या शेतकऱ्यांची स्वतंत्र अलायन्स होती, गोऱ्यांच्या अलायन्समध्ये त्यांना प्रवेश नव्हता. जॉर्जियाचा टॉम वॉटसन सुरुवातीला काळ्या-गोऱ्या गरिबांना सांगत होता की तुम्हाला वेगळं ठेवून लुटतात, आणि हाच माणूस पुढे उघड वंशद्वेषी झाला. दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानाला टॅक्स आणि वाचनाची परीक्षा लावून काळ्यांचं मत काढून घेतलं आणि त्याच टॅक्सने पुष्कळ गरीब गोरेही बाहेर फेकले गेले. एकत्र राहिले असते तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण वेगळे झाल्यावर काय झालं ते दिसतंच.

चांदी हरली आणि पैसा मात्र वाढला! दक्षिण आफ्रिकेच्या खाणी, सायनाइडने हलक्या दगडातूनही सोनं काढायची नवी पद्धत, युकॉनमधलं क्लॉन्डाइक, यामुळे जगात सोनंच इतकं आलं की 1897 पासून भाव चढायला लागले आणि शेतकऱ्याचे बरे दिवस आले. ब्रायन जे चांदीने करू म्हणत होता ते सोन्याने केलं. म्हणजे निदान बरोबर होतं, पैसाच कमी होता. 1900 मध्ये गोल्ड स्टँडर्ड कायदा झाला तेव्हा भांडायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

1907 ला पुन्हा पॅनिक, पुन्हा मॉर्गन, आणि मग 23 डिसेंबर 1913 ला फेडरल रिझर्व्ह कायदा, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक उभी करणारा. एक मध्यवर्ती बँक न्यूयॉर्कच्या हातात जाईल या भीतीने 12 बँका देशभर विभागून केल्या. ब्रायन तेव्हा प्रेसिडेंट विल्सनचा परराष्ट्रमंत्री होता, त्याने हट्ट धरला की नोटा ही सरकारची जबाबदारी असेल आणि वरचं मंडळ प्रेसिडेंट नेमेल. शेतीच्या कर्जरोख्यांना व्यापाऱ्यांच्या 90 दिवसांऐवजी सहा महिने मुदत मिळाली, पीक यायला तेवढा वेळ लागतोच. 1892 च्या जाहीरनाम्याचा वास या कायद्याला येतो.

पण कायदा असून उपयोग काय, वेळेवर पैसा सोडायला हवा ना. 1929 ते 1933 मध्ये फेडरल रिझर्व्ह नुसतं बघत राहिलं, हजारो बँका बुडाल्या, देशातला पैसा एक तृतीयांशाने आटला, 1932 ला गहू 40 सेंटच्याही खाली. एप्रिल 1933 मध्ये आयोवात ल मार्स गावी शेतकऱ्यांनी एका जजला कोर्टातून ओढून बाहेर काढलं आणि गळ्यात दोर घातला, कारण तो जप्त्या थांबवण्याचं वचन देईना.

प्रेसिडेंट रूझवेल्टने त्याच महिन्यात लोकांकडचं सोनं औंसाला 20.67 डॉलरने जमा करून घेतलं आणि जानेवारी 1934 ला भाव 35 डॉलर केला, म्हणजे डॉलर मुद्दाम स्वस्त केला (परदेशी सरकारांना याच 35 च्या दराने सोनं मिळत राहिलं, ते 15 ऑगस्ट 1971 ला निक्सनने बंद केलं). अडचण एकच होती. सावकारांनी 1870 च्या धड्यावरून शहाणं होऊन जवळजवळ प्रत्येक बाँडमध्ये लिहून घेतलं होतं की पैसे सोन्यातच, ठरलेल्या वजनाचे. याला गोल्ड क्लॉज म्हणतात. तसं पाळलं असतं तर प्रत्येक कर्जदाराचं देणं एका रात्रीत 69 टक्क्यांनी वाढलं असतं. जून 1933 मध्ये काँग्रेसने ही अट रद्दबातल ठरवली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या एका बाँडवर 22.50 डॉलर व्याज होतं, बाँडवाला म्हणाला की सोन्याच्या नवीन भावाने याचे 38.10 डॉलर होतात, तेवढे द्या. फेब्रुवारी 1935 मध्ये निकाल लागला, पुन्हा 5 विरुद्ध 4, आणि त्याला 22.50 डॉलरच मिळाले, कागदात.